एक्सपायरी साहेब

दीडशे माणसं पोटात घेऊन ढगात जाणारा माणूस साध्या सर्दीच्या गोळीला भितो, या गोष्टीवर मी अकरा वर्षं हसलो. एकटा नाही हसलो. विमानतळावर गाड्या लावणारे आम्ही सगळे ड्रायव्हर हसायचो. कॅप्टन निंबार्त्यांचं नाव आम्ही ‘एक्सपायरी साहेब’ ठेवलं होतं, आणि ते त्यांना माहीत होतं. बोलले कधी नाहीत. फक्त नाक थोडं जास्त वर जायचं. नाक होतंच तसं. गाडीत आधी नाक शिरायचं, मग टोपी, मग उरलेले कॅप्टन.

माझं आयुष्य शहर बसवर गेलं. रिटायर झाल्यावर घरी बसून बायकोच्या डोळ्यांत खुपण्यापेक्षा विमान कंपनीच्या लोकांना ने-आण करणाऱ्या गाडीवर लागलो. पायलटला घरून उचलायचं, विमानतळावर सोडायचं, परत आला की घरी टाकायचं. कॅप्टन मूळचे भिवापूरचे, मिरचीवाल्या शेतकऱ्याच्या घरचे. शिकले, पायलट झाले, मनीषनगरात घर बांधून राहिले.

पहिल्या दिवशी मागच्या सीटवर बसले, आरशातून माझं थोबाड नीट बघितलं आणि विचारलं, “मेश्रामभाऊ, काल काय घेतलं?”

मला राग आला. “साहेब, मी पीत नाही. घरी विचारा.”

“दारू नाही विचारत. गोळी विचारतो.”

“कायची गोळी?”

“कसलीही. सर्दीची, खाजेची, अंगदुखीची. काही घेतलं?”

मी म्हटलं, “नाही.” मनात म्हटलं, घ्या, येडा भेटला.

तेव्हापासून रोज हाच प्रश्न. लोक गाडीत बसल्यावर ‘काय मेश्राम, बरं हाये नं’ म्हणतात, हा माणूस ‘काय घेतलं’ म्हणायचा. स्वतः काहीच घ्यायचा नाही. उडायच्या आधी पायलटला एका नळीत फुंकावं लागतं. दारूचा अंश निघाला की घरी. म्हणून हा खोकल्याचं औषध घ्यायचा नाही, त्यात काय असेल सांगता येत नाही. होमिओपॅथीचे थेंब नाही. तोंडाचा वास मारणारं गुळण्यांचं पाणी नाही. लग्नात कोणी अत्तराचा बोळा पुढं केला तर हात पाठीमागं. खोकला आला की मीठ-पाणी, ताप आला की सुट्टी. बाकीचे पायलट आजारी पडले की गोळी खायचे आणि कामावर यायचे. हा आजारी पडला की आजारीच पडायचा.

“गोळीनं आजार जात नाही भाऊ, झाकला जातो,” असं म्हणायचे. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की चहाच्या टपरीवर त्यांच्या नाकातल्या आवाजात म्हणून दाखवायचो. पोट्टे टाळ्या द्यायचे.

बाकीच्यांची तऱ्हा वेगळी. एक तरुण कॅप्टन होता, केस असे की वाऱ्याची हिंमत नाही. वर्धा रोडवर एक मेडिकल दिसलं की म्हणायचा, “अंकल, जरा रोको ना. वो अपनी वाली ले आओ.” मी जाऊन म्हणायचो, “ती नेहमीची द्या.” दुकानदार मान वर न करता गोळ्यांचा पत्ता फेकायचा. कॅप्टन दोन गोळ्या पाण्याशिवाय गिळायचा, गॉगल लावायचा आणि दीडशे माणसांना घेऊन वर जायचा. ज्या यंत्राचा एक स्क्रू ढिला असला तर हे लोक विमान हलू देत नाहीत, त्या यंत्रासमोर बसणारा माणूस मेडिकलवाल्याच्या भरवशावर. पण तेव्हा मला हा तरुण बरा वाटायचा. कटकट नाही.

एकदा मलाच सर्दी झाली. डोळ्यांतून पाणी, डोकं जड. सकाळी बायकोनं गोळी दिली, मी घेतली, गाडी काढली. कॅप्टन बसले. आरशात बघितलं.

“काय घेतलं?”

खोटं बोलणार होतो, पण शिंक आली. “सर्दीची. एकच घेतली साहेब. पिवळी.”

“पत्ता दाखवा.”

दिला. त्यांनी चष्मा काढला, दुसरा घातला, पत्ता उजेडात धरला आणि मागची मुंगीएवढी अक्षरं वाचत बसले. मी म्हटलं, “साहेब, उशीर होऊन राहिला.”

“उतरा.”

“अं?”

“उतरा, मागे बसा. चावी द्या.”

आणि गाडी त्यांनी घेतली. खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या, डोक्यावर टोपी, हातात स्टिअरिंग; आणि मागच्या सीटवर मी, नाक पुसत, साहेबासारखा. विमानतळाच्या दारावर शिपायानं आधी त्यांना सलाम केला, मग मला बघून पुन्हा केला, त्याला वाटलं हा कोणी मोठा माणूस असेल. ड्रायव्हर लोकांनी महिनाभर मला ‘चेअरमनसाहेब’ म्हटलं. मी बायकोला सांगितलं तर ती पोट धरून हसली.

“तुमाले झोप लागली का मंग मागं?”

लागली होती. विमानतळ आलं तेव्हा त्यांनी हलवून उठवलं होतं. ते मात्र मी कोणाला सांगितलं नाही. तिलाही नाही.

माझ्या बायकोचं नाव शकुन. चौथी शिकलेली, पण घरातली डॉक्टर तीच. कॅप्टनला खोकला आहे असं मी एकदा बोललो, तर दुसऱ्या दिवशी काचेच्या बाटलीत काढा करून दिला. मी बाटली दिली. साहेबांनी बूच काढून हुंगलं.

“यात काय आहे?”

“अडुळसा, आलं, गूळ, मिरी.”

“मोहाचं काही?”

हे मी घरी जसंच्या तसं सांगितलं. शकुनचा पारा चढला. “काय वं माय! मी का मोहाची दारू पाजून राहिली का त्यायले? सांगजा त्यायले, म्हणा, आमच्या घरात चुलीवर चहा चढते, बाकी कोणाले काही चढत नाही.”

मी तेही जसंच्या तसं सांगितलं. कॅप्टन लाल झाले. काढा प्यायले नाहीत, पण रविवारी स्वतः इंदोऱ्याला आमच्या घरी आले. बाटली धुऊन, पुसून, आत मिरचीचं तिखट भरून. भिवापूरचं, घरचं. “वहिनी, माफ करा. तुमच्यावर शंका नाही. मी बायकोच्या हातचंही विचारतो.”

“मंग त्यायचं कसं होते बापा तुमच्यासंगं,” शकुन म्हणाली, आणि तिथून दोघांची गट्टी जमली.

त्याच दिवशी त्यांना आमचा डबा दिसला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आमच्या घरचं मेडिकल. गोळ्या, अर्धे पत्ते, मलमं, कोणाची कधीची थेंबाची शिशी. शकुनचे गुडघे धरलेले. ती रोज एक पांढरी गोळी खायची, थंडीत दोन. कॅप्टन खाली बसले, मांडीवर डबा घेतला. खिशातून काळा मार्कर काढला. हा मार्कर नेहमी असायचा. माझ्या गाडीच्या खणातल्या प्रत्येक पत्त्यावर त्यांनी चिकटपट्टी लावून ठळक मराठीत लिहिलं होतं, ‘झोप येते. गाडी चालवू नये.’ तसंच आता त्यांनी शकुनच्या नव्या कोऱ्या पत्त्यावर पट्टी लावली आणि लिहिलं: ‘वहिनी, रोज नाही. उपाशीपोटी नाही. आठ दिवसांच्या वर नाहीच. डॉक्टरला दाखवा.’ अक्षर काय सुंदर! पाटीवर काढल्यासारखं.

“यानं किडनी जाते, वहिनी. हळूहळू जाते, कळत नाही.”

मी म्हटलं, “साहेब, तुमचं विमान तुम्ही पाहा, आमचे गुडघे आम्ही पाहतो.”

सगळे हसले. शकुन हसली, ते स्वतः हसले. मी तर हसणारच, विनोद माझाच होता.

ते गेल्यावर शकुननं तो पत्ता डब्यात नाही ठेवला. कपाटावर फोटोच्या मागं ठेवला. मी विचारलं, “तिथं काहून वं?”

“एवढ्या मोठ्या माणसानं मायं नाव लिवलं. तोडली तर अक्षरं फाटतील नं.”

मग दुसऱ्या दिवशी मी मेडिकलमध्ये गेलो. “ती गुडघ्याची द्या.” दुकानदारानं मान वर न करता दिली.

कॅप्टनच्या शेवटच्या विमानाची गोष्ट सांगतो, कारण त्या दिवशी मी सगळ्यात जास्त हसलो होतो.

पायलटला पासष्ट पूर्ण झाले की विमानाला हात लावता येत नाही. साहेबांचा वाढदिवस शुक्रवारी. म्हणजे गुरुवारचं विमान शेवटचं, दुपारी मुंबई, संध्याकाळी परत. त्या विमानात त्यांची आई बसणार होती. सत्त्याऐंशी वर्षांची म्हातारी, आजवर विमानात पाय ठेवला नव्हता. पोरगा म्हणे, चल माय. ही म्हणे, मिरची तोडणीले कोण राहीन? या वेळी मात्र तयार झाली. “पोरगा शेवटची गाडी हाकून राहिला, बसतो एकडाव.” साहेबांचा साळा प्रभाकर, त्याची बायको-पोरं, सगळ्यांची तिकिटं. हार आले, पेढे आले. भिवापूरहून येताना मंडळींनी मिरचीचं पोतंही आणलं आणि नेमकं बैठकीत ठेवलं.

मी गाडी घेऊन पोचलो तर कॅप्टन पांढऱ्या शर्टात, पट्ट्या लावून, खुर्चीत बसलेले. शिंकले. सगळ्यांनी पोत्याकडं बघितलं.

“मिरची हाये ते,” प्रभाकर म्हणाला. “पोतं उचला रे!”

पोतं मागच्या अंगणात गेलं. साहेब पुन्हा शिंकले. मग त्यांनी नाक चिमटीत धरलं, तोंड मिटलं आणि आतून फुंकर मारली. गाल फुगले, डोळे मोठे झाले. असं केल्यानं कान आतून उघडतो म्हणे. विमान खाली येताना कान उघडला नाही तर असा दुखतो की माणूस दुसरं काही करू शकत नाही, पडदासुद्धा फाटतो.

“उजवा उघडला,” साहेब म्हणाले. “डावा नाही.”

प्रभाकर खिशातून गोळी काढून उभाच. “जावई, ही घ्या. अर्ध्या तासात नाक मोकळं. मी कोर्टात जाताना हीच घेतो.”

“तू कोर्टात झोपतो, प्रभाकर.”

“अहो, पण आजचा दिवस! उद्या कोण विचारते? उद्या तर तुम्ही पायलटच नाही!”

बोलून गेल्यावर त्यालाही कळलं काय बोललो. साहेबांच्या मॅडम आत निघून गेल्या. म्हातारी उठली, स्वयंपाकघरातून वाटीत ठेचा घेऊन आली. “हे खाय. हे काही औषद नाही. तुया बापाचं नाक यानंच उघडे.”

आणि तो माणूस ठेचा खायला तयार झाला! ठेच्याच्या मागं काही लिहिलेलं नसतं. छातीवर टॉवेल बांधून, पट्ट्या सांभाळत, चमच्यानं ठेचा. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, कपाळावर घाम. आम्ही नऊ माणसं एका माणसाच्या डाव्या कानाकडं बघत उभी. मी हसू दाबायला दारामागं गेलो. साहेबांनी नाक धरलं. फुंकर मारली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा मारली तेव्हा चेहरा जांभळा झाला होता.

“नाही,” म्हणाले.

तोंड धुतलं, फोन उचलला, कंपनीला सांगितलं, “निंबार्ते बोलतो. मी आज अनफिट आहे.” पलीकडचा बराच वेळ बोलत होता. हार-तुऱ्यांचं, केकचं सांगत असेल. साहेब म्हणाले, “केक कापून घ्या.” फोन ठेवला.

प्रभाकर आणि त्याची मंडळी गेली हो त्याच विमानानं! तिकिटं काढलेली होती. रात्रीचं जेवायला परत आली तेव्हा प्रभाकर सगळ्यांना सांगत होता, “नवा पायलट लय भारी. टेकलं तेव्हा कळलंच नाही.”

म्हातारी गेली नाही. “दुसऱ्याच्या गाडीत मी काहून बसू?” म्हणाली. साहेबांनी तिला आणि मला घेतलं आणि गाडी विमानतळाच्या भिंतीकडच्या रस्त्याला लावायला सांगितली. पट्ट्या काढल्या नव्हत्या. आई मागं बसल्या बसल्या डुलकी घेत होती. मी म्हटलं, आता विचारतोच.

“साहेब, राग नका मानू. एक गोळी होती. चाळीस वर्षांत एक खाल्ली असती तर काय झालं असतं?”

ते बाहेर बघत होते. आणि या माणसाची पुस्तकी मराठी कुठं गेली कोण जाणे, भिवापूरचा पोरगा बोलावा तसे बोलले.

“खाल्ली होती नं गा. नवा नवा होतो. महाल भागातल्या एका मेडिकलमधून घेतली. वर गेलो. डोये उघडे, बरं का. समोर सगळं दिसून राहिलं. खालून टॉवरवाली बाई बोलावून राहिली, आमच्या विमानाचा नंबर घेऊन. एकदा, दोनदा, चारदा. मले ऐकू येत होतं. पण ते आपल्याले म्हणून राहिली, हे डोक्यात येतच नव्हतं. बाजूचा पायलट समजला, मी उत्तर देऊन राहिलो. मी समजलो, काहीच नाही.”

“मग?”

“मग काही नाही. काहीच झालं नाही. उतरलो. लोक उतरले, थँक्यू म्हणून गेले. एका बाईच्या कडेवर लेकरू होतं, त्यानं टाटा केला.”

“कोणाले सांगितलं?”

“कोनालेच नाही सांगितलं.” नाक खाली गेलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. “तेव्हा सांगितलं असतं, तर आयुष्यभर सगळ्यायले सांगत फिरलो नसतो.”

तेवढ्यात विमान भिंतीवरून वर गेलं. म्हातारी आवाजानं जागी झाली. “तू नाही नं त्याच्यात? मंग मी कायले पाहू,” म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले.

घरी येऊन मी ही गोष्ट शकुनला सांगितली. ठेच्याची सांगितली, महालच्या गोळीची नाही. ती आधी हसली. “कान नाही उघडला तर नाही गेले. आपल्याले जमलं असतं का?” म्हणाली. आणि गुडघ्याला हात लावून उठली आणि डब्याकडं गेली.

मागच्या हिवाळ्यात तिच्या पायांवर सूज आली. मला वाटलं उभं राहून राहून आली असेल. मेडिकलवाल्याला विचारलं, त्यानं सुजेची गोळी दिली. सूज तोंडावर आली तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर पोरगी होती, तिनं विचारलं, “दुखण्याच्या गोळ्या किती वर्षांपासून?”

मी म्हटलं, “रोज नाही.”

शकुननं पलंगावरून माझ्याकडं बघितलं. खोटं पकडलं की बघायची तसं. मला खोडून काढलं नाही तिनं. तेवढं तरी करायचं होतं तिनं. अडीच महिन्यांत गेली.

मी कमी शिकलेला आहे, पण इतका नाही. मराठी वाचता येतं मला. ते चार ओळींचं मराठी आमच्याच कपाटावर होतं, आणि मी मेडिकलच्या पायऱ्या चढत होतो.

पुण्यानुमोदनाला माणसं आली, जेवली, गेली. कॅप्टन दुपारी उशिरा आले, सगळे उठून गेल्यावर. केस पांढरे झालेले, नाक तेच. मला वाटलं, आता बोलणार. मी तयार होऊन बसलो होतो. बोलावंच त्यांनी, असं वाटत होतं. कोणीतरी बोलायलाच पाहिजे होतं. पोरगा बोलत नव्हता, सून बोलत नव्हती, सगळे ‘वय झालं होतं’ म्हणून राहिले होते.

ते खाली बसले. “डबा कुठं आहे, भाऊ?”

मी दिला. त्यांनी चष्मा बदलला आणि एकेक पत्ता काढून मागची अक्षरं वाचायला लागले. सगळं वाचलं. मलमंसुद्धा. वाचून एका पिशवीत टाकत गेले. तासभर एक शब्द नाही. आयुष्यभर ज्या माणसानं दुसऱ्यांचं डोकं खाल्लं, त्याला आमच्या घरी येऊन मुकेपणा सुचला. मला राग आला. उठून फोटोमागचा तो पत्ता काढून त्यांच्यापुढं टाकला.

दहाच्या दहा गोळ्या जागेवर. अक्षरं जशीच्या तशी. ‘वहिनी, रोज नाही.’

“ही खाल्ली काहून नाही?” साहेबांनी विचारलं.

“तुमचं अक्षर फाटेल म्हणून.”

त्यांनी पत्ता हातात धरला. सवय वाईट, उलटा केला, उजेडाकडं नेला आणि तारीख वाचली. मग पट्टीच्या कडेला नख घातलं, बारीक-बारीक सोडवत सोडवत अख्खी पट्टी न फाटता काढली. पत्ता पिशवीत टाकला. पट्टी माझ्या हाताच्या पंजावर ठेवली आणि दाबली, चिकटावी म्हणून.

“बसा नं साहेब, चहा ठेवतो,” मी म्हटलं.

“काय घेतलं आज?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. सकाळपासून डोकं दुखून राहिलं, पण काही घेतलं नाही.”

“दुखू द्या,” म्हणाले. खांद्यावर हात ठेवला आणि पिशवी घेऊन निघाले.

मी दारात उभा राहिलो. शेजारच्या अंगणात कोणी फोडणी घातली होती. गल्लीच्या वळणावर कॅप्टन निंबार्ते शिंकले. थांबले. पिशवी काखेत मारली, नाक चिमटीत धरलं, गाल फुगवले. रिटायर माणूस, विमान नाही, आई गेलेली, जायचं ते मनीषनगरपर्यंत, तेही ऑटोनं. डोकं एका बाजूला कलतं करून थोडा वेळ उभे राहिले.

उघडला असावा. चालायला लागले.